लोहचुंबक

होरेक्स रेगिना, त्रेपन्न सालची. एकच सिलिंडर, साडेतीनशे सीसी,
काळा रंग, कागदपत्रं पूर्ण.
एवढंच लिहिलं मी जाहिरातीत.
अकरा हिवाळे गेले, ते लिहिलं नाही.
हिवाळ्यांचे पैसे कोण देतं?

कासेलहून आलेला पोरगा भला वाटला.
आधी इंजिनावर तळवा टेकवला त्यानं, थंड आहे ना बघायला.
आधीच तापवून ठेवलेली गाडी काहीतरी लपवते,
हे कुणीतरी शिकवलंय त्याला.
मग खिशातनं काढला लोहचुंबक, रुमालात गुंडाळलेला,
आणि टाकीवरून नेला हळूहळू,
माझी आई अवघडलेल्या बायकांच्या पोटावरून
हात फिरवायची तसा.

डाव्या गुडघ्यापाशी चुंबक सुटला.
"इथे लांबी भरलीय."

भरलीय.
छप्पनचा फेब्रुवारी, ऱ्योनच्या डोंगरातला.
रात्री दोनला दार वाजलं.
आईनं वडलांची विजार चढवली,
सुईणीची पिशवी पाठीला आवळली,
आणि पुलाच्या वळणावर बर्फानं
दोघींनाही आडवं केलं.
ती उठली. मग दीडशे किलोचं ते धूड उठवलं.
पोचली तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं.

ते बाळ, ओटमार, आता पेन्शनीत आहे.
दर शनिवारी चर्चच्या घड्याळाला तेल घालतो.
त्याच्या जन्माची खूण माझ्या गॅरेजात आहे
हे त्याला कधी कळलं नाही.
होती, म्हणायला हवं.
मीच घासली, बुजवली, पुन्हा घासली,
सात हात रंग दिला,
टाकीचा आरसा झाला तेव्हा थांबलो.
त्यात बघितलं तर एक म्हातारा,
हातात पॉलिश पेपर.

"दोनशे युरो कमी करा," पोरगा म्हणाला.
केले. चुंबकाशी वाद कसला घालायचा?

तिसऱ्या किकला ती बोलली.
शेजारच्या हेडविगनं खिडकी लावून घेतली.
मग फळी, मग पट्टे, मग ट्रेलरचं कुलूप.
पोरगा हात हलवून गेला.

ही गाडी करणारं घराणं आधी
मुरंब्याच्या काचेच्या बरण्या विकायचं.
आईला त्याचं फार हसू यायचं.
मी सगळे नटबोल्ट तसल्याच बरण्यांत ठेवले होते,
प्रत्येकीवर चिठ्ठी, तिच्याच वळणाच्या अक्षरात.
आज तळघरात सगळ्या पालथ्या घातल्या, धुऊन.
एकीत वॉशर निघाला.
कुठला, आठवत नाही.
गाडी त्याच्याशिवाय चालते.