आवाज बदलला का

पंचावन्नची मॉरिस. मालक डॉक्टर तंबाके,
दातांचे. जाताना एवढंच म्हणाले,
"भूल द्यायची तर द्या, पण हलवा."

होटगी रोडच्या शेडमध्ये एप्रिलचा पत्रा
आपला आपणच टकटकतो दुपारी.
हेड बाकावर, बाभळीच्या दोन ठोकळ्यांवर.
आठ गाइड, बिडाचे, करंगळीएवढे.
सत्तर वर्षं त्यांच्यातून व्हॉल्व्ह वर-खाली झाले,
हे मात्र बसवले तिथेच.
काजळी, जळकं तेल, आणि मधली वीस वर्षं
गाडी कुणाच्या तरी गोठ्यात, कडब्याखाली.

चांदसाब नदाफ आधी मोजतात.
व्हर्नियरची शेपटी गाइडशेजारी उभी करून
पंधरा मिलिमीटर, असं खडूने पत्र्यावर लिहितात.
"काढायच्या आधी मोजायचं बे.
काढल्यावर कुणाला इचारशील?"

ड्रिफ्ट त्यांनीच लेथवर उतरवलाय,
भंगारात निघालेल्या मिलच्या स्पिंडलमधून.
टोक गाइडच्या भोकात शिरेल एवढं बारीक,
खांदा गाइडच्या काठावर टेकेल एवढा रुंद.
त्याच मिलच्या साचेखात्यात बावीस वर्षं ते जॉबर होते.
मिल बंद झाली,
कान काही उघडले नाहीत.

म्हणून हातोडा त्यांचा, आणि कान माझे.
डावा तळवा हेडवर ठेवून ते एक ठोका घालतात
आणि माझ्या तोंडाकडे बघतात.
"आवाज बदलला का?"

चिकटलेला गाइड बद्द बोलतो,
ज्वारीच्या पोत्यावर थाप मारल्यासारखा.
सुटायला लागला की त्यात एक बारीक टोक येतं.
तेवढंच. तेवढ्यासाठी मला पगार आहे.

पहिला आला चौदाव्या ठोक्याला.
दुसरा-तिसरा रॉकेल पिऊन मऊ झालेले.
सहावा निघेपर्यंत चार वाजले,
बनियन पाठीला, पाठ पत्र्याला,
आणि सातवा,
एक्झॉस्टचा, सगळ्यात जास्त भाजलेला,
बद्द. बद्द. बद्द.

"बदलला का?"
"बदलला," मी म्हणालो.
बदलला नव्हता. मला चहा हवा होता.

त्यांनी माझ्या शब्दावर जोर वाढवला.
गाइडची मान तुटून बाकाखाली गेली,
धड आत तसंच.

ते काही बोलले नाहीत.
वाकून तुकडा शोधला, फुंकला,
वरच्या खिशात टाकला,
चष्म्याच्या घरासोबत.
खरं तर शिवी दिली असती तर
मला ऐकू तरी आलं असतं काहीतरी.

रात्री दहाला हेड गोणपाटात बांधून
आम्ही दस्तगीरच्या बेकरीत गेलो.
पावाची शेवटची खेप निघाली होती,
भट्टी निवायला लागलेली.
दस्तगीर म्हणाला, "ह्याला किती वेळ ठेवू? टोस्टएवढा?"
पाऊण तास आम्ही बडीशेपेच्या वासात बसलो.
चांदसाबनी मोडकं बिस्किट माझ्या हातावर ठेवलं,
तेव्हा मी सांगितलं.
ओठ नीट हलवून, एकेक अक्षर.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, संपल्यावरही.
मग म्हणाले,
"मला तळव्याला कळलं होतं बे.
पण वाटलं, तुझे कान तरुण."

फडक्यात धरून हेड बाहेर काढलं,
फरशीवर ठोकळे मांडले.
तिसऱ्या ठोक्याला ते धड
टपकन खाली, राखेत.
आठव्यापर्यंत हेड निवलं होतं.
"उद्या," ते म्हणाले.

आज उद्या आहे. शेड, पत्रा, ठोकळे.
डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले.
ठोका पडतो. तळवा हेडवर,
डोळे माझ्यावर.

"बदलला का?"

मी पुन्हा मारायला सांगतो.
पुन्हा.
बाहेर ट्रक रिव्हर्स घेतोय, तो जाईपर्यंत थांबायला सांगतो.

"नाही," मी म्हणतो. "अजून बद्दच बोलायलंय."

ते हातोडा खाली ठेवतात.
आठव्याच्या बुडाशी रॉकेलचे चार थेंब सोडतात
आणि चहावाल्या पोराला
दोन बोटं दाखवतात.