वंगण

विनिफ्रेड हॉलरॉइडने मायक्रोस्कोप आणला
बाजाराच्या ट्रॉलीत, टॉवेलात गुंडाळून, चढावर धापा टाकत.
"क्लिफर्डचा. फिरत नाही. लिलाववाला म्हणतो,
फिरला तर साठ पौंड, नाहीतर शोभेची वस्तू."
एवढं बोलून ती कालव्याकडे बघत बसली.

बत्तीस वर्षं मी हॅलिफॅक्सच्या इस्पितळात
रक्ताच्या काचा तपासल्या. भिंगं पुसली, दिवे बदलले,
पण यंत्राच्या पोटात हात घातला नव्हता कधी.
त्यासाठी कंपनीचा माणूस यायचा, टाय लावून.
आता तो नाही. कंपनीही नाही.

मोठी चाकी धरली. दगड.
इथे जोर लावायचा नाही, हे हाताला आधी कळतं:
दाते पितळेचे, एक मोडला की संपलं.
केस वाळवायच्या यंत्राने तिला शेक दिला,
सांधे धरलेल्या माणसाला देतात तसा, सावकाश,
आणि पाव वळशावर ती कण्हली.

मग उघडला.
स्क्रू अंड्यांच्या खोक्यात, काढले त्या क्रमाने,
एकेका खळग्यात एकेक जोडी.
साठीनंतर आठवणीवर विसंबून
मी दूधसुद्धा तापत ठेवत नाही.

आत जुनं वंगण. कधीकाळी लोण्यासारखं असेल.
आता कल्हई गेलेल्या पातेल्यात
कळकलेल्या ताकाचा हिरवा रंग, आणि मेणाचा हट्ट.
दातकोरणी, लायटरचं पेट्रोल, म्हातारा टूथब्रश.
दात्यांच्या फटीफटीतून ते निघतच राहिलं.
वास कोंडला म्हणून खिडकी उघडली:
बाहेर टॉडमॉर्डन, ओल्या लोकरीच्या रंगाचं.

घसरपट्टीच्या खाचेत काहीतरी चमकलं.
चांदीच्या कागदाची पट्टी, सिगारेटच्या पाकिटातली,
कात्रीने कापलेली, नेमकी.
झिजून फट पडली असणार, ती त्याने भरली होती.
"ओढायचा?" मी विचारलं.
"सोडली होती," विनिफ्रेड म्हणाली,
"लग्नाआधी. माझी अटच होती ती."
पट्टी उजेडाला धरून बघितली.
मग हसली की खोकली, कळलं नाही.

पट्टी पुसली. होती तिथेच बसवली.

नव्या वंगणाचं माप मला ठाऊक होतं:
माझी आत्या कुंकवाखाली मेण लावायची,
बोटाचं टोक डबीला टेकलं न टेकलं, तेवढं.
ठाऊक असून मी सढळ हाताने भरलं,
वर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब,
आणि चाकी अशी फिरली, भिंगरी!
खूष होऊन हात काढला,
तर नळी आपल्याच वजनाने
खाली, खाली, काचेपर्यंत.
टक्.

पुन्हा सगळं पुसलं. आता जाड वंगण, मेणाएवढंच.
मोकळं करून झालं होतं तासाभरात.
सोडलं तिथे थांबेल इतपत मोकळं,
यात दुपार गेली, चहाचे तीन कप,
आणि चारलाच अंधार.

विनिफ्रेडने दोन बोटांनी चाकी धरली.
वर. खाली. वर. थांबली. नळीही थांबली.
"करकरायचं," ती म्हणाली. "रात्री अकराला,
माडीवर, बरोब्बर माझ्या डोक्यावर.
त्यावरून कळायचं, झोपायला यायला अजून वेळ आहे."
मी म्हटलं, आवाज काही परत घालता येत नाही.
"नको," म्हणाली, "नको. असू दे."

ट्रॉली उतारावरून खडखडत गेली.
विकला का, मी विचारलेलं नाही.

गुरुवारी झाडताना शेगडीखाली मिळाली
मोहरीएवढी पोलादी गोळी.
कुठली, ते कळायला मला वेळ लागला नाही:
बारीक फोकसच्या चाकीमागची.
पण तिच्यावाचूनही तो चालला,
माझ्या डोळ्यांदेखत.
अंड्यांच्या खोक्यात ठेवलीय, शेवटच्या खळग्यात.
फोन करीन.