संख्या

क्युरसावचा उत्तर किनारा. खडकात
परातीएवढं डबकं, लाटेच्या तुषारांनी भरलेलं.
रुथमिला गुडघ्यांवर बसून पिपेट बुडवते.
मीठ: समुद्राच्या दुप्पट.
परवापर्यंत आटेल.

भिंगाखाली एकेकटे जीव,
प्रत्येकाला एक शेपूट, गळ्याभोवती झालर.
काहींनी झालरीला झालर भिडवून
वाटी केलेली.
ती हाताने दिवा झाकते
आणि वाटी उलटते, मोज्यासारखी,
आतली बाहेर, शेपट्या मारत पोहत सुटते.
ना स्नायू, ना मज्जा, ना कुणी म्होरक्या.

"हे आपले कोण?" जेन्सली विचारतो,
एकाच पायात चप्पल.
"चुलत. फार लांबचे.
वाटण्या झाल्या तेव्हा
हाडं कुणालाच नव्हती."

पेशी दुभंगते आणि दोघी बहिणी
एकमेकींना सोडत नाहीत, असं घडतं.
परक्या पेशी येऊन चिकटतात, असंही घडतं.
एकाच डबक्यात, एकाच वाटीत.

डबकं आटलं की सगळे सुटे,
मिठाच्या पापुद्र्यात मुटकुळं करून.
पुन्हा लाट आली
की शेजारी असेल तो आपला.

रुथमिलाचा सख्खा भाऊ रॉटरडॅमला.
ख्रिसमसला येतो म्हणतो.
कॅक्टसच्या कुंपणापलीकडचा व्हान्चो
न विचारता मासळी साफ करून देतो,
मग बापाच्या खुर्चीत बसून जेवतो.

वहीत एक रकाना आहे: संख्या.
ती लिहिते, एक.
खोडते. एकोणचाळीस.
मग खोडलेलंही वाचता येईल
एवढीच शाई ठेवून
पान उलटते.