गाठ

रविवारी सकाळी कालिम्नोसच्या धक्क्यावर
आम्ही समुद्राचं वजन करतो.
म्हणजे त्यानं गिळलेल्याचं:
तीन टायर, तान्ह्या बाळाची एक चप्पल,
दह्याचे डबे, ज्यांवरची तारीख अजून वाचता येते.

थेमेलिना सतरा वर्षांची. वर आली की
आधी शिंकते, मग बोलते.
आज म्हणाली, "जाळं आहे. मोठं.
आत एक खेकडा जिवंत आहे.
बाकीचं विचारू नका."

चौघं उतरलो. सुऱ्या बोथट,
नळकांड्यातली हवा तळाला गेलेली.
जाळं दगड सोडेना.
धरायला शिकलेलं,
सोडायचं कुणी शिकवलंच नव्हतं त्याला.

धक्क्यावर साकेलारिस आजोबा बसतात.
स्पंज काढता काढता एक पाय खालीच ठेवून आले,
म्हणजे पाय आहे, पण ऐकत नाही.
मग पुढे तीस वर्षं जाळी विणली.
दर रविवारी हसतात आम्हाला:
"आम्ही खालून पोट भरून आणायचो रे,
तुम्ही खरकटं आणता."

आज हसले नाहीत.
ओलं जाळं मांडीवर ओढलं,
एका गाठीवर अंगठा फिरवला.
परत फिरवला.
गाठ उलटी होती, डावखुऱ्याची.

तराजूचा काटा हलत राहिला.
सुटलेला खेकडा तिरपा तिरपा
त्यांच्या काठीवरून पाण्यात गेला,
आभार वगैरे न मानता.

बऱ्याच वेळानं
त्यांनी डावा हात पुढे केला.
"सुरी दे, पोरी," म्हणाले,
"ही अशी नाही सुटायची."