दहावं पान

एल्कोत बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर.
ग्रासियाना उरुतिया, वय एकाहत्तर,
मेंढ्यांच्या वासाचा कोट अजून तोच,
हातात किलवरची अठ्ठी आणि नव्वी.

टेबलावर राजा आणि दुर्री, दोन्ही किलवर,
मध्येच उपरी बदामाची सत्ती.
म्हणजे अजून जमलेलं काहीच नाही.
चार पानं एका रंगाची, पाचवं गड्डीत.

डेल्बर्ट सोन्याच्या खाणीत डंपर चालवतो.
त्यानं चाळीस डॉलर पुढे सरकवले,
जोडी लागलेल्या माणसाच्या शांतपणानं.

शहाण्यानं इथं चाळीस भरावेत, गप्प बसावं.
नवऱ्यानं तिला हेच शिकवलं होतं,
पान आलं तर आलं.
तो जन्मभर पानाची वाट बघत राहिला
दुसऱ्याच्या कुरणात.

ग्रासियाना दोन्ही तळव्यांनी सगळी चवड लोटते.
तीनशे दहा.
मग चष्मा काढून पुसत बसते, सावकाश,
जणू आता तिचं इथलं काम संपलं.

नऊ किलवर कुठंतरी शिल्लक आहेत, ती तिची.
आणि डेल्बर्टच्या गळ्यातला आवंढा,
ते दहावं.

तो राजाकडे बघतो. एक्क्याकडे बघतो.
ट्रकचा हप्ता शुक्रवारी.
दोन्ही पानं सुलटी टाकून उठतो कॉफीला.

"बघायचंय, काय आलं असतं?"
पानं वाटणारी पोरगी विचारते, बोट गड्डीवर.

"नको गं."

पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडताना
ती स्वतःशीच पुटपुटते,
चौकटच असणार.