नुसतं लोटलेलं

फुजैराच्या दवाखान्यात डाव्या कुशीवर मी.
सिस्टर जेसी दोन सिरिंजांतून खारं पाणी घुसळते,
फेस धरेस्तोवर.
"श्वास कोंडा, पोट आवळा… हं, सोडा."
पडद्यावर उजव्या कप्प्यात बुडबुड्यांची झुंबड,
आणि मग शाळा चुकवल्यासारखे
पाच-सहा पलीकडे.

वीस वर्षं टँकरांच्या पोटाखाली कालवं खरवडली.
बुडबुडे वर जाताना पाहिलेत.
हे आडवे निघाले.

डॉक्टर म्हणतात, गर्भात सगळ्यांनाच असतं हे भोक,
जन्मल्यावर मिटतं.
चौघांत एकाचं राहतं, कळतही नाही.
मला कळलं. मार्चमध्ये उजव्या हातातून
सुलेमानीचा ग्लास सुटला,
आणि गावाचं नाव, आचरा,
अर्धा तास तोंडात आलंच नाही.

फॉर्मवर शिक्का: पाण्याखाली मनाई.

रात्री आईला फोनवर समजावलं,
काळजात एक दार आहे गं,
बंद झालेलं नाही, नुसतं लोटलेलं.
ती जरा वेळ गप्प.
"कडी मी कधी घालूकच नाय रे.
तुझो बापूस रातचो येय, होडयेवरसून."