बो क्रीकवर ओहोटी

मुलगी म्हणाली, बाबा, कॅनिंग टाउनला बघण्यासारखं काय आहे?
खरंच काही नाही. एक तुटका जिना,
चिखलात रुतलेली सुपरमार्केटची ढकलगाडी,
आणि ओहोटी. ती मात्र ओळखीची निघाली,
दाभोळच्या खाडीसारखीच कुजकट, निवांत.

इथेच कुठेतरी रचली तिला.
भट्टीपाशी जॉब पेनफोल्ड, वय तेरा,
लालभडक रिवेट चिमट्याने भिरकावायचा,
वरचा पोरगा बादलीत झेलायचा,
मग घण: एक डावखुरा, एक उजवा, आळीपाळीने.
मुंबई कुठे आहे ते जॉबला कुणी सांगितलं नाही.
हिशेब मात्र आमच्या माथी.
मीठ, अफू, शेतसारा,
त्यातून वीतभर जाड लोखंड.
समुद्र ओलांडण्यापुरती तिला शिडं चढवली,
पोचल्यावर उतरवली,
वरातीपुरते उसने दागिने असावेत तशी.

मग तीसेक वर्षं ती बंदराच्या दारात बसून.
शत्रू आलाच नाही.
माझा पणजा, सोनू पालशेतकर, तोफेचा घुमट फिरवायचा
हातांनी. सोळा माणसं, एक चरक.
तेलपाणी झालं की रविवारी पुरती एक फेरी:
करंजा, उघडा समुद्र, कुलाबा,
मग गोदी,
मग गाव.
घरी आल्यावर म्हणायचा म्हणे,
"दांड्याला डोळे नसतात रे. ढकलू तिकडे जातो."

ती भंगारात गेली. आजा दुसऱ्या बोटीवर.
सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत
डाळीतले खडे ताटाच्या काठावर मांडत बसला होता.
गोऱ्या साहेबाने विचारलं, हे काय चाललंय?
आजा म्हणाला, मोजतोय.
दुसऱ्या दिवशी बंदरातल्या तोफांची तोंडं फिरली.

मी तेहतीस वर्षं इंजिन-रूममध्ये.
निशाण बदललेलं, पाने अजून इंचातले,
शिव्या गुहागरच्या.
नौदल कधी सुरू झालं याची तारीख आहे,
मी ती शाळांतून सांगितलीय, टोपी घालून,
पोरांनी टाळ्याही वाजवल्या.

आज चिखलात एक रिवेट सापडला, डोकं चेपलेलं.
तिचाच असेल असं नाही.
नखाने वाजवून पाहिला.
"फेका तो, धनुर्वात होईल," मुलगी म्हणाली.
रुमालात बांधून खिशात टाकला.
तोवर भरती लागली होती,
पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला.